पाळणाघराच्या अंगणातली माती

पाळणाघर बघायला येणारे आईबाबा सगळ्यात आधी फरशी बघतात. मग संडास-बाथरूम, मग ओटा, मग कॅमेरे. हे सगळं बघून झालं की नजर मागच्या अंगणाकडे जाते. तिथे कडुलिंबाखाली मातीचा एक चौकोन आहे आणि त्यात चार-पाच पोट्टे गुडघ्यापर्यंत माखलेले असतात. मग हमखास प्रश्न येतो, "काकू, हे रोज असतं का?"

रोज असतं. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत, पावसाळ्यात उघडीप मिळेल तसं, हिवाळ्यात मनसोक्त. दारात उभ्या-उभ्या याचं कारण सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं. बरीच वर्षं नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चर लावायचं, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून तपासायचं, काम केलं. मग मानेवाड्याच्या आमच्या घरात खालच्या मजल्यावर हे पाळणाघर सुरू केलं. रोग पसरवणारे जिवाणू मी काचेच्या बशीत वाढताना पाहिले आहेत, त्यामुळे जंतूंची भीती काय असते हे मला कोणी सांगायची गरज नाही. तरीही मी म्हणते की मुलाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याच्या आसपास कुठले सूक्ष्मजीव आहेत, यावर त्याची रोगप्रतिकारशक्ती पुढे कशी वागणार हे बऱ्याच अंशी ठरतं. आणि आपण शहरातली माणसं नेमकं उलटं करतोय. जिथे स्वच्छता पाहिजे तिथे ढिलाई, आणि जिथे गरज नाही तिथे दिवसातून तीनदा फिनाईल.

आधी त्या मातीबद्दल. ती कुठूनही उचलून आणलेली नाही. कळमेश्वरकडे माझ्या भावाची संत्र्याची बाग आहे. तिथल्या फवारणी न होणाऱ्या बांधाकडेची काळी माती आणली आणि तिच्यात रेती मिसळली, कारण आपली काळी माती नुसती ठेवली तर पावसात पायाला गोळे चिकटतात आणि मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. वर झाडाचा वाळला पाला. शेणखत मी टाकत नाही. रात्री त्यावर ताडपत्री असते, कारण गल्लीतल्या मांजरी. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत येतात आणि ती मला मुलांच्या नखात नको आहेत. सकाळी ताडपत्री काढून मी फावड्याने माती एकदा खालीवर करते. ओल्या दिवसांत पाला उचलला की त्याच्या पाठीवर, शिरेच्या कडेने, बुरशीचे पांढरे धागे चिकटलेले दिसतात. बोटाने ओढले की तुटत नाहीत, पानच सोबत येतं. पहिल्या पावसाचा जो वास आपल्याला वेड लावतो, तो बराचसा मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिनचा असतो. क्षयावरचं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली याच कुळातल्या जिवाणूपासून मिळालं. असला सगळा संसार त्या चौकोनात आहे.

फिनलंडमध्ये काही शास्त्रज्ञांनी हाच प्रयोग रीतसर केला. शहरातल्या पाळणाघरांच्या खडी-वाळूच्या अंगणात त्यांनी जंगलातल्या जमिनीचा थर आणि हिरवळ आणून अंथरली आणि मुलांना त्यात खेळू दिलं, कुंड्यांत रोपं लावू दिली. एकूण ७५ मुलं होती, वय ३ ते ५. २८ दिवसांत त्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली, आणि रक्तात दाह, म्हणजे शरीरातली सूज-जळजळ, आवरणाऱ्या रासायनिक संकेतांचं पारडं दाह वाढवणाऱ्या संकेतांपेक्षा जड झालं. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. प्रयोग छोटा आहे, आणि त्या मुलांना पुढे ॲलर्जी कमी झाली असं त्यातून सिद्ध होत नाही. पण महिन्याभरात रक्तात फरक दिसावा, हे माझ्यासारखीला थरारून टाकणारं होतं.

या विचाराची सुरुवात मात्र मातीपासून झाली नाही, भावंडांपासून झाली. डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८९ मध्ये एक छोटा लेख लिहिला. १९५८ च्या मार्च महिन्यात एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती त्याच्याकडे होती. तिच्यातून दिसलं की घरात जितकी जास्त भावंडं, विशेषतः मोठी, तितका परागकणांच्या ॲलर्जीचा त्रास कमी. त्याचा अंदाज असा की मोठी भावंडं बाहेरून जे संसर्ग घरात आणतात ते लहानग्याला लवकर होतात, आणि त्यातच त्याचं संरक्षण असावं. पुढे 'हायजीन हायपोथेसिस' या नावाने हा विचार जगभर गेला. त्यावर मोठी दुरुस्ती सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ग्रॅहॅम रूक यांनी केली. त्यांचं म्हणणं, गोवर-कांजिण्यांसारखे गर्दीतले आजार होऊन फायदा होत नाही. माणसाच्या उत्क्रांतीत लाखो वर्षं सोबत राहिलेले माती, पाणी, जनावरं आणि स्वतःच्या आतड्यातले निरुपद्रवी जीव, त्यांची सोबत तुटली की प्रतिकारशक्तीचं घडणं अर्धवट राहतं. मला हीच मांडणी पटते. आजार आणि सूक्ष्मजीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात नीट लक्षात ठेवलेलं आहे.

हे वेगळेपण विसरलं की काय होतं ते मला रोज ऐकू येतं. एखादी आजी नातवाला घ्यायला येते, मातीने भरलेलं पोर पाहून खूश होते आणि म्हणते, "असंच पाह्यजे बाप्पा. आमच्या वक्ताले पोट्टे मातीतच लोळत, काही होत नव्हतं त्याईले."

होत होतं, आजी. आमचा वाडा नागपूरच्या महाल भागात. एका छताखाली चार चुली, भरपूर चुलतभावंडं, आणि मागे गाय. दमेकरी मूल वाड्यात कोणी नव्हतं हे खरं. पण माझ्या आजीची दोन लेकरं अडीच वर्षांच्या आत गेली. एक गोवरात आणि एक हगवणीत. त्यांची नावंही आम्हाला उशिरा कळली, कारण आजी त्यांच्याबद्दल बोलायचीच नाही. फक्त नागपंचमीच्या आसपास एक दिवस तिचं जेवणात लक्ष नसायचं. 'जुन्या काळची मुलं काटक होती' असं जो म्हणतो तो वाचलेल्या मुलांकडे बघून म्हणतो. विहिरीचं पाणी, वाड्यामागचा उघडा नाला आणि लसीचा अभाव, यांनी कोणाचीही प्रतिकारशक्ती वाढवली नाही. उलट सतत दूषित पाणी पोटात गेलेल्या मुलाच्या आतड्याचं अस्तर खराब होतं, अन्न अंगी लागत नाही, उंची खुंटते. म्हणून लसीकरणाचं कार्ड बघितल्याशिवाय मी एकाही मुलाला प्रवेश देत नाही. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून आपल्या सरकारी कार्यक्रमात यायला लागली, ती फुकट मिळते, तरी काही कार्डांवर ती जागा कोरी असते आणि मग माझा आवाज चढतो.

आता गोठ्याबद्दल, कारण हा माझा आवडता भाग आहे.

बव्हेरिया, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात संशोधकांना दिसलं की एकाच गावात राहणाऱ्या मुलांपैकी शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना दमा आणि ॲलर्जी बरीच कमी. त्यातही जी बाळं पहिल्या वर्षातच गोठ्यात नेली जात, त्यांचं संरक्षण सगळ्यात जास्त. याहून सुंदर अभ्यास अमेरिकेतला, २०१६ चा. इंडियानातले अमिश आणि साउथ डकोटातले हटराइट, हे दोन्ही मध्य युरोपातून आलेले शेतकरी पंथ. वंश जवळचा, कुटुंबं मोठी, आहार सारखा, घरात टीव्ही नाही, बायका भरपूर दिवस अंगावर पाजतात, मुलांना लसी दिल्या जातात. फरक एवढाच की अमिश लोक घराजवळच्या गोठ्यात गाई ठेवतात, घोड्याने शेती करतात आणि मुलं तिथेच खेळतात. हटराइटांची शेती यंत्रांची, जनावरं वस्तीपासून दूर. अमिश मुलांत दमा ५ टक्क्यांच्या आसपास निघाला, हटराइट मुलांत २१. घरातली धूळ तपासली तर अमिश घरांत जिवाणूंच्या आवरणातला एंडोटॉक्सिन नावाचा घटक जवळपास सातपट. मग ती धूळ उंदरांच्या नाकात सोडली. अमिश घरातल्या धुळीने उंदरांना दम्यासारख्या त्रासापासून वाचवलं, हटराइट धुळीने वाचवलं नाही.

हे वाचल्यावर एक बाबा मला म्हणाले, "म्हणजे याला रोज गावाकडे नेऊन कच्चं दूध पाजू का?" नाही. माझ्या माहेरी गोठा आहे आणि त्या गोठ्यातलं दूध उकळल्याशिवाय घरातही कोणी तोंडाला लावत नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस नावाचा जनावरांकडून येणारा ताप होतो, जनावरांचा क्षय येऊ शकतो. संरक्षण गोठ्यातल्या हवेत आणि सहवासात असेल, म्हणून बाळाच्या पोटात काहीही घालायचं नाही. शिवाय आपल्याकडे दमा वाढवणारी वेगळी कारणंही आहेत. चुलीचा धूर, रस्त्याच्या कामांची सिमेंटची धूळ, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख. मातीत खेळवून यांचा त्रास टळणार नाही, आणि तसा दावा मी कोणालाही करू देणार नाही.

हे सगळं लहानपणीच का? मोठेपणी गावी राहायला गेलो तर चालणार नाही का? याचं उत्तर मला एका उंदरांच्या प्रयोगात मिळालं, आणि तो वाचला तेव्हा मी लॅब सोडून मुलांमध्ये आले याचा मला नव्याने आनंद झाला. २०१२ मधली गोष्ट. पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत आणि मोठ्या आतड्यात एका प्रकारच्या दाहकारक पेशींची नको तेवढी गर्दी होते, आणि त्यांना दमा व आतड्याचा दाह अधिक तीव्र होतो. अशा उंदरांना मोठेपणी जिवाणू दिले, तर काही उपयोग झाला नाही. तेच जिवाणू जन्मानंतर लगेच दिले, तर गर्दी झालीच नाही, आणि तो फायदा पुढे टिकला. शरीरात या पेशींना जागा वाटून देण्याचं काम सुरुवातीच्या काळातच होतं. माणसाच्या बाबतीत ही खिडकी किती दिवस उघडी असते याची काटेकोर रेघ ओढता येत नाही, पण आतड्यातला जिवाणूंचा संसार साधारण तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मोठ्यांसारखा दिसायला लागतो. माझ्याकडे येणारी मुलं नेमकी या वयाची असतात. दिवसाचे आठ-नऊ तास ती माझ्या ताब्यात असतात. ही जबाबदारी मला फार मोठी वाटते.

या संसाराची पहिली बैठक बसते ती मात्र माझ्याकडे येण्याच्या कितीतरी आधी, प्रसूतीच्या खोलीत. योनिमार्गे जन्मलेल्या बाळावर पहिले जिवाणू आईच्या योनिमार्गातले आणि आतड्यातले येतात, सिझेरियनच्या बाळावर मुख्यतः त्वचेवरचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, आणि खासगी दवाखान्यांत हा आकडा ४७.४ टक्के होता. जवळजवळ निम्मी. यातली काही शस्त्रक्रिया जीव वाचवणारी असते, आणि ज्या आईचं पोट कापलं गेलं तिला कोणी अपराधी वाटायला लावलं तर मला फार राग येतो. तिने स्वतःहून कुठलेही 'जिवाणू लावायचे' प्रयोगही करू नयेत, त्यातून बाळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

तिच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दूध. पहिल्या दिवसांचा पिवळसर, घट्ट चीक तर कोणी टाकूनच देऊ नये. त्यात आईने आयुष्यभर ज्या-ज्या जंतूंना तोंड दिलं त्यांच्याविरुद्धचे प्रतिपिंड असतात. आणि आईच्या दुधात साखरेच्या अशा काही साखळ्या असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. आईचं शरीर एवढी शक्ती खर्च करून असं काही बनवतं जे बाळासाठी नाहीच! ते आहे बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियांसाठी. ते जिवाणू या साखळ्या खातात, आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लात रोग पसरवणाऱ्यांना पाय रोवणं कठीण जातं. त्याच पाहणीत, जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजलेल्या बाळांचं प्रमाण देशात ४१.८ टक्केच होतं. उरलेल्यांना आधी काय मिळालं असेल? कुठे वरचं दूध, कुठे मध. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, त्यातल्या बॉट्युलिझम या विषबाधेच्या बीजाणूंनी बाळ लुळं पडू शकतं. सुनेच्या बाळंतपणाला गेलेल्या प्रत्येक आजीला मी हे हात जोडून सांगते.

योग्य जिवाणू योग्य वेळी मिळाले तर काय होऊ शकतं, याचा सगळ्यात ठळक पुरावा आपल्याच देशातला आहे. ओडिशाच्या खेड्यांमध्ये डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर चाचणी केली. निम्म्या बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लांटारमची एक विशिष्ट जात आणि तिचं खाद्य असलेली साखर, असं आठवडाभर तोंडावाटे दिलं, उरलेल्यांना जिवाणू नसलेली साधी पावडर. ही सगळी अंगावर पिणारी बाळं होती. पहिल्या ६० दिवसांत जंतुदोष होऊन आजारी पडणं किंवा दगावणं हे प्रमाण साध्या पावडरीच्या गटात ९ टक्के होतं, जिवाणू दिलेल्या गटात ५.४. २०१७ मध्ये हा निकाल आला. पण म्हणून मेडिकलमधून कुठलीही प्रोबायोटिकची पुडी आणून बाळाला देऊ नका. ती जात वेगळी, ते प्रमाण वेगळं. बालरोगतज्ज्ञाने सांगितलं तरच.

आणि पुड्यांवरून आठवलं, अँटिबायोटिक. लॅबमध्ये आम्ही जिवाणूंनी भरलेल्या बशीवर औषधांच्या छोट्या गोल चकत्या ठेवायचो आणि रात्रभर बशी इन्क्युबेटरमध्ये. औषध लागू पडलं तर सकाळी चकतीभोवती स्वच्छ गोल दिसायचा. मी तिथून निघाले त्या सुमारास लहान मुलांच्या लघवीच्या कल्चरमध्ये अशा बश्या येऊ लागल्या होत्या ज्यांच्यावर चकत्या मांडलेल्या आणि एकीभोवतीही गोल नाही. माझ्या पाळणाघरात साध्या सर्दीसाठी अँटिबायोटिकचं सिरप घेऊन येणारी मुलं आजही आहेत. सर्दी विषाणूंची, त्यांच्यावर ते औषध चालत नाही. चालतं ते आतड्यातल्या वस्तीवर. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००० ते २०१४ या काळात वर्षाखालच्या बाळांना दिली जाणारी अँटिबायोटिक्स निम्म्याहून खाली आली, आणि त्याच काळात १ ते ४ वर्षांच्या मुलांत दम्याची नवी निदानं सुमारे २६ टक्क्यांनी घटली. न्यूमोनिया झालेल्या बाळाला मात्र हेच औषध जीवदान देतं, तिथे एक दिवसही उशीर नको. म्हणून मी आईबाबांना औषध बंद करायला कधीच सांगत नाही. एवढंच म्हणते की डॉक्टरांना विचारा, "हे कशासाठी आहे? दोन दिवस वाट पाहिली तर चालेल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. आणि मागच्या वेळचं उरलेलं सिरप तर स्वतःच्या मनाने पाजायचंच नाही.

आमच्याकडचा दिनक्रम आता तुम्हाला कळेल. मातीतून आले की साबण आणि पाणी, नखांच्या आत बोटाने घासून. संडासानंतर आणि जेवणाआधी पुन्हा. डायपर बदलणाऱ्या मावशींचे हात सगळ्यात जास्त वेळा धुतले जातात. पाणी उकळलेलं. जुलाब होत असलेलं मूल त्या दिवशी घरी. कूलरच्या टाकीतलं पाणी ठरल्या दिवशी पूर्ण उपसून टाकी घासायची, कारण डेंग्यू. पण फरशी साध्या पाण्याने पुसली जाते, सॅनिटायझरची बाटली टेबलावर नाही, आणि कडुलिंबाखाली बसलेल्या मुलाला दर पाच मिनिटांनी ओल्या टिश्यूने पुसायला कोणी धावत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन मुलं शेजारच्या खऱ्या बैलांजवळही जातात, त्यांच्या पाठीवर हात फिरवतात. परत आल्यावर हात धुतात. यात मला काहीच विरोध दिसत नाही.

आता जे काम माझ्या एकटीच्या अंगणात होणार नाही ते सांगते. आमच्या मागच्या सोसायटीने सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलंय, भिंतीपासून भिंतीपर्यंत. तिथे एकोणीस महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची बरीच मुलं राहतात, त्यातली काही माझ्याकडे येतात. मी सेक्रेटरींना भेटले. जांभळाच्या झाडाभोवतीचा कोपरा उघडा सोडा, एवढीच विनंती केली. ते म्हणाले लिफ्टमध्ये चिखल येईल. मी म्हटलं, त्या कोपऱ्याला लागून नळ आहेच, तिथे पाय धुवायला दगड बसवू, दगडाचा खर्च मी देते. ताडपत्रीही देते. ते सभेत मांडा म्हणाले. सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. मी सोसायटीची सभासद नाही, त्यामुळे मला बोलता येणार नाही. तुमच्यापैकी ज्यांची घरं तिथे आहेत, त्यांनी या आणि हात वर करा.